बोरधरणभाऊंची बाजू

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

इरा थकली आहे!

म्हणजे खरोखरच थकली आहे. अठरा वर्षांनी ‘कोहरे के पहरेदार’ या कार्टूनची पुढची मालिका सुरू झाली, दर शुक्रवारी एक भाग, आणि पहिल्याच दृश्यात आमची इरा — जी धुक्याशी बोलायची, जिनं एका हातानं उत्तरेचा दरवाजा लावला होता — ती सरहद्दीच्या चौकीवर टेबलाशी बसून लोकांच्या परवान्यांवर शिक्के मारते आहे. वय चौतीस. समोर कागदांचा ढीग. धुकं खिडकीशी येऊन उभं राहतं, काहीतरी सांगतं, आणि हिला ऐकूच येत नाही. उठते, खिडकी लावते. पुन्हा शिक्का.

मी पस्तीस. कॉलेजच्या परीक्षा विभागात चौदा वर्षं शिक्केच मारते. आधी हसू आलं. मग नाही आलं.

अश्वजितनं मात्र रिमोट आपटला. “वाट लावली! इराची वाट लावली रे!” माझा धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षांचा. दहा वर्षांचा होता तेव्हा साडेपाचला हे कार्टून लागलं की माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसायचा. आता त्याचं चॅनल आहे — ‘भाऊ बोलून राह्यला’. सिनेमा, मालिका, कार्टून, जे सापडेल ते वऱ्हाडीत झोडपायचं, हा उद्योग. त्यासाठी गाड्यांच्या एजन्सीतली नोकरी सोडली. तासाभरात त्याचा दोस्त सचिन सेलूहून मोबाइलचा स्टँड घेऊन हजर. समोरच्या खोलीचं दार बंद. आतून दीड तास नुसतं “वाट लावली”.

बाबांना बातम्या पाहायच्या होत्या. पण त्यांना विचारतो कोण!

४ जानेवारी, शनिवार

व्हिडिओचं नाव — ‘इराची वाट लावली रे!!!’ उद्गारचिन्हं तीन. अकरा हजार लोकांनी पाहिला.

जेवताना मी म्हटलं, “मले तं आवडलं. इतकी वर्षं एकाच जागी ड्यूटी केल्यावर माणूस थकनच ना. जादू काय पेन्शन आहे, जन्मभर येत राहाले?”

अश्वजितनं वांगं कुस्करलं. “ताई, तुले ह्याच्यातलं समजत नाई. क्यारेक्टरची एक इज्जत असते.”

आई म्हणाली, “भावना, त्याले भाजी वाढ.”

वाढली.

५ जानेवारी, रविवार

नवं खातं उघडलं. नाव काय द्यावं? भिंतीवर बोरधरणाच्या सहलीचा फोटो होता. बोरधरण! झालं. वांग्यावर जे बोलले तेच त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं — पुस्तकी मराठीत, दोन स्वल्पविराम जास्त घालून.

११ जानेवारी, शनिवार

आजच्या व्हिडिओत त्यानं ते वाचून दाखवलं!!

“दोस्तहो, एक बोरधरणभाऊ आहेत. भाऊचं मत मले पटत नाई, पण भाऊ अभ्यास करून बोलते! ऐका — जादू म्हणजे काही पेन्शन नव्हे, जन्मभर येत राहायला. वा! काय लिहिलं!”

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हातातला गोळा परातीत पडला.

भाऊ? धरणाला मिशा असतात हे यांना कोणी सांगितलं?

१२ जानेवारी, रविवार

आईबाबांना दोन्ही भाग दाखवले. बाबा पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांचा आक्षेप सगळ्यांत मुद्द्याचा — “एवढ्या मोठ्या सरहद्दीवर एकटीच? रिलिव्हर कुठी आहे तिचा? युनियन नाई काय त्यायच्यात?”

भाग संपल्यावर आईनं विचारलं, “त्या पोरीचं लग्न नाई झालं काय वो?”

“नाई.”

आई माझ्याकडे न पाहताच उठली. “तुरीच्या शेंगा उकडाच्या राह्यल्या.”

१८ जानेवारी, शनिवार

इथं तरी खरं लिहावं. मालिका काही एवढी ग्रेट नाही.

भविष्यवाण्याच आतापर्यंत तीन झाल्या. तिसऱ्या भागात! पहिलीच धड खरी झाली नाही, तर दुसरी कशाला काढता? जो येतो तो आधी आपलं लहानपण सांगतो. पहारेकरी आला — लहानपण. पाणी भरणारी आली — लहानपण. इराचा भाऊ रूनो आता खोऱ्याचा राजा झाला आहे आणि बोलला की भाषणच करतो. त्याची पोरगी झिनी ही नवी हिरॉइन. तिला सगळंच येतं. शिकावं लागतच नाही! पूर्वी इरा धुक्याचा एक शब्द शिकायला सहा भाग घ्यायची, चुकायची, मार खायची. झिनी जांभई देता देता शिकली.

आणि म्हातारं कासव मेलं. गुमसुम त्याचं नाव. मागे गाणं, समोर पाऊस, पानं गळतात, एक पान त्याच्या पाठीवर येऊन पडतं. इतकं उघड रडवणं! मी रडलेच, ते वेगळं.

पण धुकं! धुकं काय रंगवलंय. पवनारच्या नदीवर या दिवसांत सकाळी असतं ना, पूल अर्धाच दिसतो, तसं. आणि इरा. ती शिक्का मारण्याआधी क्षणभर थांबते. प्रत्येक वेळी. दुसऱ्या कोणाच्या लक्षात तरी आलं का हे?

बोरधरणनं यातलं फक्त चांगलं तेवढं लिहिलं.

अश्वजितचा उलटा व्हिडिओ आला — ‘बोरधरणभाऊले उत्तर’. “थकलेल्या बाया आवडतात म्हंते भाऊले. बायकोच्या धाकात असन बिचारा!” खाली त्याच्या पंख्यांच्या शिव्या. पंखे म्हणजे त्याचे फॅन, तोच शब्द वापरतो तो. आपल्या जिल्ह्यात एवढं शब्दवैभव आहे याची मला कल्पना नव्हती. दोन शब्दांचे अर्थ शोधावे लागले. सापडल्यावर वाटलं, उगाच शोधले.

शिवी न देता चार मुद्द्यांत उत्तर लिहिलं. तीनशे बारा लोकांनी पसंत केलं. मी बोललेल्या कशालाही आजवर तिघांच्या वर कोणी हो म्हटलेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

कासव जिवंत झालं!

अरे, मग गाणं कशाला म्हटलंत? पाऊस कशाला पाडलात? काल संध्याकाळी इतकी चिडले की आईनं विचारलं, ऑफिसात काही झालं काय. म्हटलं, कासव उठलं. आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

अश्वजितही चिडला आहे. तेच मुद्दे, अगदी तेच! एकदा वाटलं, जाऊन म्हणावं — हे मात्र बरोबर बोललास. पण मी म्हणजे आता मीच नाही ना! बोरधरणभाऊंच्या मागे माणसं आहेत. ती वाट पाहून राहिली आहेत — भाऊ, कासवाचं काय? भाऊ, सांगा त्याले!

मग लिहिलं. कासवाचं परत येणं हे ऋतुचक्राचं प्रतीक आहे म्हणून लिहिलं. ऋतुचक्राचं!! चारशे लोकांना पटलं. लाज वाटली. निवडणुकीला उभे राहणारे असेच घडत असतील का?

आणखी एक वाक्य रागात टाकून दिलं — “तुम्ही तर शेवटची दहा मिनिटं न पाहताच रेकॉर्डिंगला बसता.” खरंच आहे ते. भिंतीआडून ऐकू येतं मला.

२८ जानेवारी, मंगळवार

ते वाक्य लिहायला नको होतं.

अश्वजितनं हिशोब मांडला — शेवटची दहा मिनिटं मी पाहत नाही, हे कोणाला माहीत? खोलीत असतो कोण? मी आणि सचिन. म्हणजे बोरधरण सचिन. सचिन सेलूचा, बोरधरण सेलूकडेच. झालं! भिंतीच्या अलीकडे बहीण असते, हे त्याच्या हिशोबात कुठंच नाही.

सचिन संध्याकाळी नेहमीसारखा आला. मी पोह्यांची प्लेट घेऊन निघालेच होते, तेवढ्यात आवाज चढला.

“माह्याच घरचा चहा पेऊन माह्यीच मारते तू?”

“मी नाई बे. मी कायले लिहीन?”

“तूच! तुले जळते माह्या चॅनलचं. स्वतःले काही जमत नाई, मोबाइल धरण्याच्याच कामाचा आहे तू!”

आणखी बरंच बोलला. घरचं काढलं, शिक्षण काढलं. मी दाराच्या आड. दोन पावलं टाकायची, आणि तीन शब्द — मी आहे बोरधरण. नाही टाकली. सचिननं स्टँड घडी केला, लाइट काढला, पिशवीत भरला. चपला घालून निघाला.

पोहे गार झाले. आईनं सकाळी पुन्हा फोडणीला टाकले.

१ फेब्रुवारी, शनिवार

सचिन नाही म्हणून काल मोबाइल मी धरला!!

अश्वजितनं डब्यावर डबा ठेवून पाहिला, दोनदा पडला. मग हाक आली, “ताई, पाच मिनिटं ये ना वो.” पाऊण तास उभी होते. समोर माझा भाऊ माझ्याकडे पाहून मला शिव्या घालतोय — “बोरधरण, तुह्यात दम असन तं समोर ये बे!” — आणि मला म्हणतोय, “ताई, हात नको हालवू.”



७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमाई जयंती. विहारात आईनं पन्नास जणांची खीर केली. पांढऱ्या साड्या, लेकरांची भाषणं. एक चिमुकली “रमाई म्हंजे त्याग” म्हणून थांबली, पुढचं विसरली आणि तेच सहा वेळा म्हणाली. सगळ्यांनी सहा वेळा टाळ्या वाजवल्या.

तिथंच नानाजींनी — विहार समितीचे, स्थळं जुळवणारे — बाबांना गाठलं. हिंगणघाटची मुलगी आहे, रक्षा. दवाखान्यात नर्स. वडील मधुकरराव, रिटायर मास्तर. अश्वजितसाठी. सोळा तारखेला जायचं.

“पोराचं काय काम आहे म्हणून सांगू?” नानाजींनी विचारलं.

बाबा म्हणाले, “बोलते.”

सहावा भाग पाहायला वेळच मिळाला नाही. नानाजी माझ्याकडे पाहून हसले. दहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी तेच यायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिंगणघाटला जाऊन आलो. आम्ही चौघं आणि नानाजी.

रक्षा चहा देऊन आत गेली नाही. आमच्यातच खुर्ची ओढून बसली. आईला ते आवडलं नाही. मला फार आवडलं. मधुकररावांनी अश्वजितला दोन प्रश्न विचारले, त्याची उत्तरं बाबांनीच दिली. मग ती म्हणाली, “मी काही विचारू काय?”

“विचारा ना!” अश्वजितनं केस सावरले. फॅन भेटली असं वाटलं त्याला.

“तुमचे व्हिडिओ पाह्यले मी, सगळे. तो बोरधरण म्हणून कोणी आहे, त्याले एवढं काऊन बोलता तुम्ही? तो तं एक शिवी नाई देत.”

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

“अवो, गंमत असते ते! लोकायले आवडते. आन् त्याले मी ओळखतो ना, माह्याच दोस्त निंघाला तो.”

“मंग दोस्ताले फोन करून नाई बोलता आलं?”

मधुकरराव खाकरले. नानाजी घाईघाईनं म्हणाले, “पोट्टी विचारी आहे, विचारी!”

परतीच्या गाडीत अश्वजित म्हणाला, मुलगी हुशार आहे, जमेल. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मला सांगायचं होतं. गाडीत नानाजी होते. घरी आल्यावर आई दमली होती. नंतर, नंतर — कारणं मला बरी सुचतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नकार.

नानाजी दारातच उभे राहिले, बसले नाहीत. “मले तं काई समजलं नाई, पोरगी बोलली तसंच सांगतो. म्हंते — एका माणसाले एक कार्टून आवडलं, तं हे त्याले महिनाभर झोडपून राह्यले. उद्या ह्यायच्या घरात मले काही आवडलं, तं?”

आई म्हणाली, “कार्टूनपायी कोणी स्थळ सोडते काय, बाप्पा!”

अश्वजित आत गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घरात टीव्ही बंद. बाबांच्या बातम्यासुद्धा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवा भाग एकटीनं पाहिला, मोबाइलवर, कॉलेजातून आल्यावर. आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला.

काहीच होत नाही त्यात. भविष्यवाणी नाही, लढाई नाही, कोणाचं लहानपण नाही. दिवसभर इरा चौकीवर. शेवटी धुक्यातून एक म्हातारी येते. परवाना नाही. पलीकडे तिची पोरगी आहे. इरा नियम सांगते. म्हातारी म्हणते, बरं, आणि बाहेर पायरीवर बसते. संध्याकाळ होते. इरा शिक्का उचलते, थांबते. मग शिक्का खाली ठेवते, उठते, आणि फाटक स्वतःच्या हातानं उघडते. नोकरी जाणार हे तिला माहीत आहे. जादूबिदू काही नाही. फाटक गंजलेलं, ते उघडायला बाईला जोर लावावा लागतो.

लेखकांनो, हे जमतं तर बाकीचं का तसं करता रे?

मागे वळून पाहिलं तर दारात अश्वजित. शेवटपर्यंत उभा होता. “बरा होता,” म्हणाला आणि गेला. व्हिडिओ टाकला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

दुपारी गच्चीवर. आईनं वड्या घातल्या होत्या, मी राखण. तो येऊन शेजारी बसला. मला नुसतं त्याच्याकडे पाहूनच रडू आलं.

“तू काऊन रडून राह्यली ताई? स्थळ माह्यं मोडलं.”

“बोरधरण मी आहे.”

केबल गेल्यावर टीव्हीकडे पाहतात तसा पाहत राहिला. मग हळूच, “कासवाचंही तूच लिहिलं?”

“हाव.”

“ते तं लय फालतू होतं.”

“माहीत आहे मले.”

तो हसायच्या बेतात होता. आणि एकदम उभा राहिला. “म्हंजे सचिन… ताई! त्याले मी काय काय बोललो! तू घरातच होती!”

“हाव.”

“मले तोंडावर काऊन नाई बोलली?”

“बोलली होती. चार जानेवारीले, जेवताना. तू म्हणला, तुले समजत नाई. मंग तेच बोरधरणनं लिहिलं, तं तू म्हणला, भाऊ अभ्यास करून बोलते.”

“तेच होतं?”

“तेच. स्वल्पविराम तेवढे जास्त.”

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. वड्यांवरून एक पाखरू हाकललं आणि खाली निघून गेला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकली. स्कूटीवर दोघं सेलूला, सचिनकडे. तो अंगणात पंपाची मोटर उघडून बसला होता. आम्हाला पाहून हात पुसले, खाट टाकली, पाणी दिलं. मग उभ्यानंच ऐकून घेतलं.

“अबे, मी तं थे कार्टून पाहतच नाई!” सचिन म्हणाला. “मोबाइल धरून उभं राह्यलो की झोप येते मले. मी कायचा बोरधरण!”

“माफ कर बे,” अश्वजित म्हणाला. मान खाली घालून. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

“तुह्यं काय घेऊन बसला. तू तं बोंबलतच असते.” मग सचिन माझ्याकडे वळला. आवाज अगदी साधा. “ताई, मले तुमचा राग आला. तुम्ही दाराआड होत्या त्या दिवशी. हातात पोह्याची प्लेट होती. मले दिसल्या. मले वाटलं, ताई तं बोलनच.”

काय बोलणार? दीड महिना चार चार मुद्दे लिहिले. त्याच्या अंगणात एक वाक्य सुचलं नाही. “चुकलं माह्यं,” एवढंच निघालं, तेही पुटपुटल्यासारखं.

“चहा घ्या,” तो म्हणाला. घेतला. माफ केलं, असं काही म्हणाला नाही.



१ मार्च, शनिवार

व्हिडिओ केला. अश्वजितनं आधी स्वतः सांगितलं — बोरधरण म्हणजे माझी बहीण, सचिनवर मी खोटा आळ घेतला, चूक माझी. मग मला शेजारी बसवलं. मी जांभळी साडी नेसले होते. साडेतीन मिनिटं बोलले. इरा का आवडते ते सांगितलं, भविष्यवाण्यांचं सांगितलं, आणि कासवाच्या बाबतीत मी खोटं लिहिलं हेही कबूल केलं. सचिन आला नाही, पण त्यानं स्टँड पाठवला, सेलूच्या बसमध्ये कंडक्टरजवळ देऊन.

आता गंमत. तीच मी. तेच मुद्दे. काल जे “भाऊ, तुमचा अभ्यास जबरदस्त” म्हणत होते, तेच आज —

“बाईले काय समजते ह्याच्यातलं.”

“म्हणूनच म्हटलं एवढं रडकं कोण लिहिते!”

“पहिले लग्न कर, मंग कार्टून पाय.”

एकानं तर मुद्दाम माझ्या जानेवारीतल्या, तीनशे बारा पसंतीवाल्या उत्तराखाली जाऊन लिहिलं, “आता समजलं हिले इरा काऊन आवडते.”

पहिल्या तिघांचं हसू आलं. चौथ्याचं नाही. त्याला बरोबर समजलं होतं म्हणून.

अश्वजित एकेकाला उत्तर देत बसला आहे. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, “ह्या पोट्ट्यायले मीच शिकवलं ना असं बोलाले.”

३ मार्च, सोमवार

दुपारी ऑफिसात फोन. रक्षा!

“ताई, नंबर नानाजीजवळून घेतला. व्हिडिओ पाह्यला. पण माह्या नकार तो नकारच आहे हं. त्यायले म्हणा, व्हिडिओ चांगला होता.”

म्हटलं, सांगते.

“आन् एक विचाराचं होतं. तुम्हाले ती इरा एवढी काऊन आवडते?”

“कारण तिले कोणी काही विचारत नाई,” मी म्हटलं. अगदी पटकन. विचार न करता.

“मंग तुम्हाले कोणी काय विचारावं असं वाटते, ताई?”

समोर हॉल तिकिटांचा गठ्ठा होता. एक मुलगा फोटोवर सही घ्यायला उभा. मी म्हटलं, नंतर बोलू. संध्याकाळपर्यंत उत्तर शोधत होते. नाही सापडलं. म्हणजे सापडलं — तुला कुठं, कसं राहायचं आहे? पण ते विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. मीच होते.

७ मार्च, शुक्रवार

शेवटचा भाग. दोघांनी मिळून पाहिला. शेवटची दहा मिनिटंसुद्धा!

छे! दोन गाण्यांत सगळं मिटवलं. तिन्ही भविष्यवाण्या एका दमात खऱ्या. खलनायकाला लहानपण आठवलं आणि तो सुधारला. झिनीनं हात वर केला, इराची जादू परत आली, चेहऱ्यावरच्या रेषा गेल्या, केस काळेभोर, डोक्यावर मुकुट! फाटक उघडलं म्हणून नोकरी जाणार होती, त्याचं काय झालं? ती म्हातारी पोरीपर्यंत पोचली का? चौकीवर आता कोण बसतं? कोणी विचारायचंच नाही! धुकं मात्र शेवटपर्यंत सुंदर. ज्यानं कोणी ते रंगवलं त्याला सांगायला हवं, बाबा, तुझं काम चांगलं झालं, कथेवाल्यांच्या नादी लागू नको.

अश्वजित बराच वेळ नावं वर सरकताना पाहत होता. “ताई, शिक्के मारत होती तेच बरं होतं.”

“व्हिडिओ करशीन?”

“करतो. पण आधी तू बोल. मी धरतो मोबाइल.”

मी बोलायला लागले तोच स्वयंपाकघरातून आई, “भावना, दूध उतू जाऊन राह्यलं!”

“मी पाहतो,” अश्वजित म्हणाला. जागचा हलला नाही. दूध उतू गेलं.

११ मार्च, मंगळवार

आर्वी नाक्याजवळ एक खोली पाहिली. वरच्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला, स्वयंपाकाला वेगळा ओटा. घरमालकीणबाईंनी विचारलं, मिस्टर कुठं असतात? म्हटलं, नाहीत. कोण कोण राहाल? म्हटलं, मी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चावी दिली. एक तारखेपासून.

घरी अजून कोणाला माहीत नाही. उद्या सकाळी चहाला सांगते. सगळे बसलेले असताना.